आधी चिरून घेतलेलं

टीव्हीवरच्या स्वयंपाकाचा मला बरीच वर्षं राग होता. कारण होतं त्या काचेच्या छोट्या वाट्या. एकीत बारीक चिरलेला कांदा, दुसरीत आलं-लसूण, तिसरीत निवडून धुतलेली कोथिंबीर. ओटा लखलखीत, आणि वीस मिनिटांत पाहुण्यांपुढे ठेवावा असा पदार्थ तयार. १९९३ साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला, तेव्हापासून मी हे बघत आले. २००७ मध्ये झी मराठीवर ‘आम्ही सारे खवय्ये’ आलं, प्रशांत दामले घरातल्याच माणसासारखे ओट्याशी उभे राहून प्रश्न विचारू लागले, तेव्हाही वाट्या होत्याच. निम्म्याहून जास्त काम पडद्याआड उरकायचं, उरलेलं दाखवायचं आणि त्याला झटपट म्हणायचं, ही बायकांची फसवणूक आहे असं माझं ठाम मत होतं. घरात कुणी ते बघून ‘वीस मिनिटांत होतं की’ म्हणालं, की ते मला फार लागायचं.

आज मी तसं म्हणणार नाही.

डोंबिवलीच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, संध्याकाळी मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, गवार मोडली जाते. नोकरीच्या काळात मीही मांडीवर पिशवी पसरून हे करत होते. ठाणं येईपर्यंत जुडी संपलेली असायची. घरी पोचून हातपाय धुतले की फोडणी, भाजी, झाकण. घरचे म्हणायचे, किती पटकन केलंस. ते ऐकून मला बरंच वाटायचं. आता विचार करते, तर माझी ती पिशवी आणि टीव्हीवरची ती वाटी यांत फरक काय होता? दोन्हींत आधी केलेलं काम होतं, आणि ताटावर बसलेल्याला ते दिसत नव्हतं. मग वाटीवर एवढा राग कशासाठी?

हा धागा धरून मागे गेले, तेव्हा माझ्या सासूबाईंचे डबे आठवले. त्या कोकणातल्या. अवेळी कुणी आलं की त्या कुळथाचं पिठलं टाकायच्या. लसणाची फोडणी, मिरची, आमसूल, पाणी, पीठ. भात होईतो पिठलं तयार. पण ते पीठ येतं कुठून? कुळीथ भाजायचे, भरडायचे, सालं पाखडून काढायची आणि मग दळायचे. थालीपिठाच्या भाजणीचंही तेच. तांदूळ, डाळी, ज्वारी, बाजरी, धणे, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, प्रत्येकाचा वास ओळखून भाजायचं. म्हणून आयत्या वेळी कांदा-तिखट घालून भाजणी मळली की लगेच थापता येते. धान्याचा कच्चेपणा आधीच गेलेला असतो. मेतकूट, गोडा मसाला, उन्हाळ्यातले सांडगे-कुरडया, सगळं याच जातीचं. आपल्या घरांत झटपट जेवण टीव्हीच्या कितीतरी आधीपासून होतं. त्याची किंमत कुणीतरी मे महिन्याच्या उन्हात चुकती केलेली असायची, इतकंच.

सगळं त्या दिवशी, त्याच वेळी, पहिल्यापासून केलं तरच तो खरा स्वयंपाक, हा माझा आग्रह तिथे सुटला. आता रविवारी कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटण करून ठेवते. कांदा नीट तांबूस व्हायला मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि नेमकी तीच मिनिटं टीव्हीवर कापलेली असतात. ती एकदाच, आठवड्यासाठी देऊन टाकली, की बुधवारी रात्री मोड आलेल्या मटकीची उसळ बघताबघता होते. मटकीला भिजायला आणि मोड यायला दीड-दोन दिवस लागतात खरे, पण ते दिवस तिचे असतात, माझे नव्हेत.

आणखी एका गोष्टीचं श्रेय मी टीव्हीला द्यायचं नाकारत होते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकाने १९७० मध्ये वाटी-चमच्याची मापं दिली आणि माहेरापासून लांब राहणाऱ्या कितीतरी मुलींना हात धरून स्वयंपाकघरात नेलं. पण ‘कांदा गुलाबी होईपर्यंत परता’ असं छापलं, तरी गुलाबी म्हणजे नेमका कितपत, हे कागद सांगू शकत नाही. मसाल्याला तेल सुटलं म्हणजे कढईच्या कडेला काय दिसतं, पाक एकतारी झाला म्हणजे बोटांत कसा ताणला जातो, हे बघावंच लागतं. पूर्वी ते आई किंवा सासू दाखवायची. ज्यांच्याजवळ यांपैकी कुणी नाही, जे परगावी खोली घेऊन राहतात, ज्या मुलांना घरी कुणी ओट्याजवळ उभंच केलं नाही, त्यांना कॅमेऱ्याने हे दाखवलं. त्याचं मोल मी आता कमी लेखणार नाही. माझा मुलगा बंगळूरला स्वतः जेवण करून खातो, आणि फोडणीत मोहरी तडतडल्यावरच जिरं टाकायचं हे त्याला माझ्या आधी टीव्हीने शिकवलं.

तरी एक तक्रार शिल्लक आहे आणि ती मी सोडणार नाही. पडद्याच्या कोपऱ्यात ‘वेळ : २० मिनिटे’ लिहितात, ते अर्धवट आहे. कोथिंबीर निवडणं, नारळ खवणं, डाळ भिजवणं, शेवटी भांडी घासणं, याचाही हिशेब तिथे हवा. तो नसल्यामुळेच संध्याकाळी दमून आलेल्या बाईला ‘एवढंसं तर करायचंय’ असं ऐकवणं सोपं होतं. ज्या घरात हा हिशेब उघड मांडला जातो, तिथे कामही वाटून घेतलं जातं. आमच्याकडे नारळ आता हे खवतात, न सांगता. आणि कार्यक्रमांबद्दल म्हणाल, तर त्या वाट्या ज्यांनी पहाटेपासून चिरून, किसून, निवडून भरल्या, त्यांची नावं मला पडद्यावर वाचायची आहेत, गॅस पेटवायच्या आधी.