फुगवटा

भिगवणला थंडी आली की दोन आवाज वाढतात. रात्रभर उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे जात असतात आणि त्यांच्यावरची गाणी लांबून येऊन लांब निघून जातात. शनिवार-रविवारी मात्र पहाटे, अजून तांबडं फुटलेलं नसताना, पुण्याच्या मोटारी सोलापूर रस्ता सोडून कुंभारगाव-डिकसळकडे वळू लागतात. रोहित आलेले असतात. पुस्तकांत त्यांना अग्निपंख म्हणतात, बातम्यांत फ्लेमिंगो. माझी आजी नुसतं पाखरं म्हणायची. पाण्यावर उतरतं ते पाखरू, एवढंच तिचं पक्षिशास्त्र होतं, आणि त्या पाखरांना दगड मारलेला तिला खपत नसे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पाहुण्यांना घेऊन मीही होडीत बसलो. होडीवाले काका साठी ओलांडलेले. थवा दिसू लागला तसं त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबू हातात घेतला. तळाच्या गाळात बांबू रोवायचा, त्यावर अंगाचा भार टाकायचा, होडी हातभर पुढे सरकली की उपसायचा. दर वेळी टोकाला काळा, लोण्यासारखा गाळ चिकटून वर यायचा आणि त्याचा उग्र वास धुक्यात पसरायचा. समोर पाणी गुडघाभर. शे-दोनशे रोहित माना खाली घालून उभे. त्यांची चोच पाण्यात उलटी असते. गाळाचं पाणी ते चोचीतूनच गाळतात आणि त्यातलं शेवाळ, बारीक जीव तेवढे ठेवून घेतात. पंखांची लाली त्या खाण्यातूनच चढते. जवळ गेलं की त्यांचं खाणं ऐकू येतं. ओट्यावर बसून बाया शेंगा निवडत असाव्यात आणि हलक्या आवाजात बोलत असाव्यात, तशी ती अखंड पुटपुट.

आमच्याच होडीत एक शहरी गृहस्थ होते. हातभर लेन्स, अंगात महागडं जाकीट. मला ते "सर, तुम्ही जरा सरकता का?" असं म्हणाले आणि लगेच काकांकडे वळून, "अरे, जवळ घे ना अजून. पाण्यावर बांबू मार, उडव त्यांना."

काका त्यांच्या वडिलांच्या वयाचे होते. ते शांतपणे म्हणाले, "खात्यात ती आत्ता, साहेब. खाऊ द्या."

थवा उडाला नाही, त्या गृहस्थांना हवा तो फोटो मिळाला नाही, आणि परतताना ते माझ्याशी निसर्ग संवर्धनावर बोलत राहिले. चांगलं बोलत होते, वाचलेलं होतं. पण मला मघाचं ते 'अरे' विसरता येईना. आपल्या भाषेत कोण कुणाला काय समजतं हे क्रियापदावरून कळतं. एकाच होडीत, एकाच मिनिटात, एकाला 'सरकता का' आणि दुसऱ्याला 'मार'. महाराष्ट्रातल्या शिकलेल्या, सुसंस्कृत म्हणवणाऱ्या वर्गाबद्दल माझं जे मत आहे ते त्या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत आहे. त्यांना पक्षी दिसतो, पाणी दिसतं, सूर्योदय दिसतो. बांबू धरलेला माणूस त्यांना बांबूचाच भाग वाटतो.

आणि पाणी तरी दिसतं का? पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून मुळा-मुठा वाहते, पवना वाहते, इंद्रायणी वाहते, आणि दोन्ही शहरांचं सांडपाणी पोटात घेऊन त्या सगळ्या शेवटी भीमेला मिळतात. भीमा ते आमच्याकडे आणते. इथे उजनीचा फुगवटा आहे, म्हणजे धरणाच्या भिंतीला अडून मागे साचलेलं पाणी, आणि साचलेल्या पाण्यात आणलेलं सगळं बसतं. उन्हाळ्यात काठावर हिरवी साय धरते. बांबूच्या टोकाचा तो वास त्या सांडपाण्यातूनच आलेला असतो. २०२१च्या एप्रिलमध्ये पुण्याकडून येणारं ५ टीएमसी सांडपाणी उजनीतून उचलून इंदापूर तालुक्याला देण्याचा निर्णय झाला. सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि महिनाभरातच तो रद्द झाला. त्या दिवसांत दोन्हीकडची भाषणं मी ऐकत होतो. पाणी कुणाचं यावर सगळे बोलले. शहरांचं सांडपाणी हा दोन दुष्काळी मुलखांच्या भांडणाचा विषय कसा झाला, हे विचारणारा आवाज मला फारसा ऐकू आला नाही. सांडपाणी हा शब्द सरकारी निर्णयात होता, भाषणांत होता, मथळ्यांत होता, आणि तरीही तो कुणाला टोचला नाही. ते पाणी ज्यांच्या स्वयंपाकघरांतून आणि न्हाणीघरांतून निघतं, त्यांच्यापैकीच काही जण शनिवारी पहाटे त्यावरचे पक्षी पाहायला येतात. त्यांनी येऊ नये असं मी म्हणत नाही. यावं, आणि एकदा तो बांबूही हातात घ्यावा.

भिगवणला येणारी दुसरी गर्दी कॅमेऱ्यांचीच, पण वाहिन्यांच्या. आमचा इंदापूर तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. २०२४च्या उन्हाळ्यात सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा दिल्ली-मुंबईच्या गाड्या चौकाचौकांत थांबल्या. नणंद विरुद्ध भावजय, असं त्या लढतीचं नाव त्यांनी ठेवलं आणि मग महिना-दोन महिने आम्हाला एकच प्रश्न विचारला: तुम्ही कुणाकडून? चहाच्या टपरीवर माइक पुढे आला की माणसं हसून काहीतरी बोलायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझ्यादेखत पाण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. "बाबा, ते नंतर," असं म्हणून त्या तरुण पत्रकारानं माइक दुसरीकडे नेला. दोन कर्त्या बायका, इतक्या गावांचा मतदारसंघ, लाखो मतदार, आणि त्या सगळ्याला नाव काय, तर घरातल्या भांडणाचं. मला यात मतदारांचा अपमान वाटतो आणि त्या दोघींचाही.

७ मेला मतदान झालं. गाड्या निघून गेल्या. उजनी तेव्हा वजा पातळीत होती. हे एक समजून घ्यायला हवं: उजनीचा मृतसाठा सुमारे ६३ टीएमसी, आणि वापरायचा जिवंत साठा सुमारे ५३. इथे मृत पाणीच जास्त. जिवंत साठा संपला की टक्केवारी शून्याखाली मोजतात. आमच्याकडची पोरंसुद्धा 'उजनी मायनसमध्ये गेली' असं सहज म्हणतात. पाणी उतरलं की पळसदेवचं पाण्यात गेलेलं पुरातन देऊळ उघडं पडतं आणि त्याचेही फोटो निघतात.

मतदानाला बरोबर दोन आठवडे झाले होते. २१ मेच्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले. सहा जण बुडाले, त्यांत लहान लेकरं होती. शोध दोन दिवस चालला. मी काठावर गेलो होतो. बायका बसून होत्या, रडून आवाज बसलेल्या. पाणी इतकं शांत होतं की त्याची भीती वाटत होती. त्या वेळी पुन्हा वाहिन्या आल्या. दोन दिवस राहिल्या.

त्या होडीत ती माणसं हौसेनं बसली नव्हती. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, आणि रस्त्यानं जायचं तर सगळा फुगवटा वळसा घालून जावं लागतं. धरणाआधी मध्ये नदी होती. उन्हाळ्यात उतार असायचा. माणसं बैलगाडीनं पलीकडे जायची, लेकी त्या काठावर दिल्या जायच्या. धरण १९८० साली पुरं झालं, नदीचा समुद्र झाला आणि सोयरे एकमेकांपासून तुटले. डिकसळला १८५८ मध्ये पुण्याहून रेल्वे आली होती. इंग्रज साहेबाला इथे लोखंडी रस्ता आणायला काही वर्षं लागली. आमच्या माणसांना काठावरून काठावर नीट जाता यावं म्हणून शिरसोडी-कुगाव पुलाचं नाव निघायचं आणि विरायचं, यात एक पिढी गेली. सहा माणसं बुडाल्यावर तो पूल पहिल्या पानावर आला. त्याआधी कुणी त्यावर अग्रलेख लिहिला असता, तिथे एखादा कॅमेरा महिनाभर रोवून ठेवला असता, तर काय झालं असतं, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

भिगवणला कागदाचा मोठा कारखाना आहे. गुळगुळीत, चकचकीत आर्ट पेपर तिथे होतो. मासिकांच्या मुखपृष्ठांना, महागड्या जाहिरातपत्रकांना लागतो तो. कधी एखादा दिवाळी अंक हातात आला की मी त्या पानावरून बोट फिरवतो. कागद आमच्याकडचा असू शकतो. त्यावर आमच्याकडचं काय छापलेलं असतं? रोहित असतो, उगवत्या सूर्यापुढे उडणारा. कुणीतरी उडवलेला. पवारांच्या घरावर मोठा लेख असतो. त्या दोघांच्या मधे जो मुलूख आहे, बुडालेली गावठाणं, चिलापी माशांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजारात शिरणाऱ्या बाया, होडीवर नातवंडांचं पोट भरणारे काका, तो त्या पानांवर उतरत नाही. आणि लिहिणाऱ्यांतले काही जण आपल्याच जिल्ह्यातले, आपल्याच शाळांतून शिकलेले असतात, म्हणून मला त्याचा जास्त राग येतो. परका चुकला तर समजू शकतो.

त्या सकाळी काठाला लागल्यावर मी काकांना विचारलं होतं, तुमचं मूळ गाव कोणतं? त्यांनी नाव सांगितलं. मग होडीचा दोर खुंटीला बांधता बांधता म्हणाले, "मघाशी आपण थांबलो हुतो ना, पाखरं खात हुती, तिथं आमचा मळा. हीर बी हाये खाली. बापानं खांदलेली." चाळीसहून जास्त वर्षं ते रोज आपल्या मळ्यावरून होडी नेतात. माझ्या पाहुण्यांपैकी कुणी तोवर त्यांना नावही विचारलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

या हिवाळ्यात रोहित पाहायला भिगवणला जरूर या. ते खात असतील तर त्यांना खाऊ द्या. होडीवाल्याला अहो म्हणा, आणि त्यांचं गाव कोणतं ते विचारा. ते नाव सांगतील आणि हात पाण्याकडे करतील. तिकडे बघा.