नऊ म्हणायला किती वेळ लागतो

गद्य, पद्य आणि नाट्य यांतला फरक सांगा. सहावीतल्या माझ्या भाचीच्या वहीत या प्रश्नाचं उत्तर तीन ओळींत होतं, गाइडमधून उतरवलेलं. ओळी सलग असतील तर गद्य. ओळी आखूड असतील तर पद्य. डावीकडे नावं आणि नावापुढे दोन टिंबं असतील तर नाट्य.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गणपतीत वडूजला घरूनच काम करत होतो. आमच्या धंद्यात कुणी नियम लिहिला की पहिलं काम असतं तो मोडून बघणं. मी भाचीपुढे तीन कागद ठेवले: ताईची किराण्याची यादी, एसटीचं वेळापत्रक आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या गप्पांची प्रिंट.

यादीतल्या ओळी आखूड होत्या. "मग ही कविता का?"

"ह्यॅ! साखर दोन किलो, ही काय कविता हाय का मामा?"

ग्रुपवर डावीकडे नावं, पुढे दोन टिंबं. "मग हे नाटक?"

यावर ती थोडा विचार करून म्हणाली, "आत्या बोलायला लागली की असतंय."

म्हणजे फरक तिला कळत होता. फक्त तो वहीत नव्हता.

कागदावरच्या आकारावर विश्वास ठेवू नये याचा मोठा पुरावा आपल्याकडेच आहे. जुन्या पोथ्यांमध्ये ओव्या सलग लिहीत. एक ओवी संपली की दंड, लगेच पुढची. आज छापील पुस्तकात दिसते तशी प्रत्येक चरणाला वेगळी ओळ नसे. भाचीचा नियम लावला तर ज्ञानेश्वरीची पोथी गद्यात जमा होईल. वाचणाऱ्याला मात्र कधी अडचण आली नाही, कारण तो डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखत होता.

आमच्या आजीच्या ओव्यांना तर कागदच लाभला नाही. जात्यावरची ओवी तिला नुसती सांगता येत नाही. "चाल न लावता सांग की," असं भाचीनं म्हटलं, तर आजी दोन शब्दांवर अडली. मग डोळे मिटून सूर धरला आणि ओवी शेवटपर्यंत सरळ आली. भाचीनं वहीत लिहिलं: 'पद्य म्हणजे जे आजीला नुसतं सांगता येत नाही.' मला ही व्याख्या गाइडपेक्षा बरी वाटली.

उरलेल्या दोन व्याख्यांसाठी मी एक प्रयोग ठरवला. घटना एकच घ्यायची आणि ती तीन प्रकारांनी मांडायची. घटना शोधायला लांब जायची गरज नव्हती. १९४२च्या चले जाव आंदोलनात त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघत होते. ३ सप्टेंबरला तासगावला निघाला. ९ सप्टेंबरला वडगावच्या परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली तिरंगा घेऊन लोक वडूजच्या कचेरीवर आले. पोलिसांनी गोळीबार केला. घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. वडूजच्या मुलांना हे पाठ असतं. मलाही होतं.

भाची आणि गल्लीतली पोरं मिळून सात जण जमली. आधी गद्य. ते लिहिताना त्यांच्यात भांडणं झाली ती सगळी एकाच जातीची: आधी काय झालं, मग काय, आणि का. मोर्चा कचेरीवरच का न्यायचा? कचेरी म्हणजे सरकार, म्हणून. एक मुलगा घोषणा आधी लिहीत होता, दुसरा म्हणत होता आधी ऑगस्टमध्ये मुंबईला काय झालं ते लिही, नाहीतर कळणार नाही. 'म्हणून', 'त्यामुळे', 'त्यानंतर' हे शब्द त्यांना पावलोपावली लागत होते. गद्याचं काम त्यांना आपोआप सापडलं. गोष्ट जोडत न्यायची.

मग कविता. इथं तारीख कुठंच बसेना. नऊ हा आकडाही बसेना. बराच वेळ कुणाला काही सुचलं नाही. मग सगळ्यांत लहान पोरगं एकच ओळ घोळवायला लागलं: 'कचेरी किती लांब, आई, कचेरी किती लांब.' मोर्चात कुणी असं आईला विचारलं होतं का? माहीत नाही आणि त्या सात जणांपैकी एकानंही ते विचारलं नाही. गद्य लिहिताना हीच पोरं 'हे खरंच झालेलं का?' म्हणून एकमेकांच्या मानेवर बसली होती. कवितेत त्यांनी तीच ओळ चार वेळा ठेवली. चौथ्या वेळी ती म्हणताना आवाज खाली आला. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि शेवटी नाटक. इथं सगळं अडलं.

पहिली अडचण: पोलिस कोण होणार? गद्यात 'पोलिसांनी गोळीबार केला' एवढं लिहून सुटका झाली होती. आता कुणाला तरी काठीची बंदूक उचलून समोरच्या मित्रावर धरायची होती. शेवटी भाची तयार झाली. बंदूक धरून तिनं विचारलं, "मामा, ह्याच्या घरी पण माझ्याएवढी पोरगी असंल का?" हा प्रश्न गद्य लिहिताना तिला पडला नव्हता, कवितेतही नाही.

दुसरी अडचण: मरायला नऊ जण लागतात. उरले होते सहा. वहीत 'नऊ' लिहायला एक शब्द पुरतो. अंगणात माणसं आणावी लागतात. सातवा मी झालो. आठवी ताई, हातातलं पीठ झटकत. आजी बाजेवरून म्हणाली, "मला काय खाली पडता यायचं न्हाई. मी बसल्या जागी मरते."

तिसरी अडचण: पडल्यावर किती वेळ पडून राहायचं? यावर भाचीनंच तोडगा काढला. "मी एक ते नऊ म्हणते. मग उठा." तिनं बंदूक खाली ठेवली आणि प्रत्येकाजवळ जाऊन एकेक आकडा म्हटला. मी फरशीला गाल लावून सातची वाट बघत होतो. दहा वर्षं शाळेत जाता-येता मी हा आकडा ऐकलाय. तो म्हणायला इतका वेळ लागतो हे त्या दिवशी कळलं.

नाटकाची ही रीत आपल्या भागाला नवी नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा पदं रचलेली होती आणि ती सूत्रधार गाई. पात्रांची भाषणं मात्र लिहिलेली नव्हती. नट ती उभ्या उभ्या करत. म्हणजे पद्य होतं, बोलीतलं गद्य होतं आणि ते दोन्ही माणसांच्या अंगात घालून समोर उभं केलं होतं. दोन टिंबं नंतर आली. जुन्या संस्कृत शास्त्रकारांनी नाटकाला दृश्य काव्य म्हटलं तेही यासाठीच असावं.

भाचीनं विचारलं, "मग भारी काय, गद्य का पद्य?" मी तिला माडगूळकर बंधूंचं सांगितलं. आपल्या शेजारच्या माणदेशातली भावंडं. १९५५ साली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आली, मेंढपाळांच्या वाडीवरच्या तरुण मास्तराची गोष्ट, गद्यात. त्याच वर्षी पुणे आकाशवाणीवर थोरल्या भावाचं, गदिमांचं 'गीतरामायण' सुरू झालं, ५६ गीतांचं. एका घरात दोन्ही मावलं, तर एका वहीत का मावू नये?

हे सगळं फक्त मार्कांसाठी असतं, तर गाइडही पुरलं असतं. पण भाचीच्या हातात लवकरच स्वतःचा फोन येणार आहे आणि फोनवर सगळं एकाच पट्टीत, अंगठ्याखालून सरकत येतं. तिथं यमक जुळलं म्हणून घोषणा खरी वाटते. कुणीतरी कॅमेऱ्यापुढे रडतं आणि आपण ती बातमी समजून पुढे पाठवतो. 'म्हणून' आणि 'त्यामुळे' पेरलेला लांब मेसेज अभ्यासपूर्ण वाटतो, त्यातलं एकही 'म्हणून' जोडलेलं नसलं तरी. हे मला सांगितलं जातंय, माझ्याकडून घोकून घेतलं जातंय, की माझ्यासमोर करून दाखवलं जातंय? एवढं ज्याला ओळखता येतं, त्याला फसवायला जरा जास्त कष्ट पडतात.

तुमच्या घरात सहावीतलं कुणी असेल तर व्याख्या पाठ करून घेऊ नका. तुमच्या गावात घडलेली एक गोष्ट घ्या आणि ती तीनदा करायला लावा. आणि नाटकाला माणसं कमी पडली, तर तुम्ही खाली झोपा.