पुराची पिशवी

महाभारताच्या वनपर्वांत मत्स्यानें मनूला येणाऱ्या प्रलयाची आगाऊ सूचना दिली, तेव्हां नौकेंत काय घ्यावें हेंही त्यानें सांगून ठेविलें होतें. सप्तर्षि आणि सर्व प्रकारचीं बीजें, एवढेंच. त्यांत सोनें नाहीं, वस्त्रें नाहींत, ग्रंथ तर नाहींतच. ही कथा मीं तीस वर्षें संस्कृताच्या तासास मुलांना सांगितली. आणि तरीही माझ्यावर तसा प्रसंग आला तेव्हां मीं जें उचललें तें पाहून मत्स्य हसला असता. तो प्रसंग, आणि त्यापायीं आमच्या घरीं जी एक पिशवी तयार झाली तिची हकीकत, वाचकांस सादर करीत आहें. ज्यांचीं घरें आमच्यासारखीं दहा-बारा माणसांचीं आहेत, त्यांस तींत कांहीं उपयोगाचें सांपडेल.

आमचें घर सांगलीस गांवभागांत. कृष्णामाई हांकेच्या अंतरावर. पावसाळ्यांत आयर्विन पुलावरील फुटांचा आंकडा विचारल्यावांचून येथें कोणी जेवावयास बसत नाहीं. ४० फुटांस इशारा व ४५ फुटांस धोका, हें लहान मुलांनाही पाढ्यांसारखें पाठ असतें. २००५ सालीं पाणी ५३ फुटांच्या वर गेलें होतें, आणि त्या पुरानें आमच्या ओसरीच्या भिंतीवर आपली एक रेघ काढून ठेविली होती. त्या रेघेनेंच आमचा घात केला. २०१९ सालच्या श्रावणांत पाणी वाढूं लागलें, तेव्हां "ह्या रेघेच्या वर कांहीं तें येत नाहीं" असें आम्ही एकमेकांस सांगत बसलों. माझे वडील बंधु दादा यांनीं तर अंगणाच्या पायऱ्यांवर खडूनें वेळा लिहून ठेवण्याचा क्रम आरंभिला. हिशेबनीस मनुष्य, त्यांना त्यांत एक प्रकारचा आनंदच वाटत असावा.

कृष्णेचा पूर कोंकणांतल्या नदीसारखा अंगावर धावून येत नाहीं. वरच्या अंगास महाबळेश्वर-कोयनेकडे पडलेला पाऊस आणि धरणांतून सोडलेलें पाणी येथें पोंचावयास वेळ लागतो. आणि नदी दाराशीं येण्याच्या आधींच गटारांतून उलटलेलें पाणी चौकांत उभें राहतें. विचार करावयास अवधि भरपूर मिळतो, आणि हा अवधिच मोठा फसवा. ५ ऑगस्ट रोजीं नागपंचमी होती. घरांत दिंडें झालीं, शेजारीं पोंचविलीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पाणी ओसरीवर चढलें, वीज गेली, आणि दिवस कलतांना होडी दाराशीं आली. त्या वर्षीं पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. भिंतीवरची जुनी रेघ कोठें होती हें शोधावयास पुढें कोणासही सवड झाली नाहीं.

होडींतला जवान वयानें लहान व बोलण्यांत अत्यंत नम्र होता. माणसें आधीं चढतील, सामान हातांत मावेल तेवढेंच, असें त्यानें सांगितलें. त्यानंतरच्या अर्ध्या घटकेंत आम्हां अकरा जणांनीं काय केलें? दादांनीं खरेदीखताची पेटी काढली. वहिनींनीं देवांचा संपुष्ट पदराखालीं घेतला. थोरल्या चिरंजीवांनीं कचेरीचा लॅपटॉप घेतला. धाकट्या सूनबाईनें तान्ह्याचीं दुपटीं. आमच्या मंडळींनीं गॅसची कळ बंद केली, आणि उरलेलीं दिंडें कोरड्या फडक्यांत बांधलीं. आणि मीं? मीं वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश घेतला. १८९० सालीं प्रथम निघालेला हा ग्रंथ. माझी प्रत वडिलांच्या हातची, त्यांनीं समासांत पेन्सिलीनें केलेल्या खुणांसह. तो पोटाशीं धरून मी होडींत बसलों, आणि अवघी विद्या वांचविल्याचें समाधान मला, खरें सांगतों, वाटलें.

आमची आई त्या वेळीं शहाऐंशी वर्षांची होती. नऊ वर्षें तिला कंपवात होता. दोघां मुलांनीं तिला खुर्चीसकट उचलून होडींत ठेविलें, आणि तिनें एकदांही कोणास घाबरूं दिलें नाहीं. कंपवातावर तिला लेव्होडोपाची गोळी दर चार तासांनीं असे. त्या गोळ्या देवघराशेजारच्या कोनाड्यांत पोलादी डब्यांत असत; घरांतील प्रत्येकाच्या दृष्टीस तो डबा दिवसांतून वीस वेळां पडे.

विश्रामबागेकडे पाणी नव्हतें. तिकडच्या एका शाळेंत आम्हांस जागा मिळाली. रात्रीं आठाच्या सुमारास वहिनींनीं विचारलें, "आईंच्या गोळ्यांचा डबा कोणाकडे आहे?"

कोणाकडेच नव्हता. मला वाटलें, आमच्या मंडळींनीं घेतला असेल. त्यांना वाटलें, वहिनी औषधें देतात, त्यांनीं घेतलाच असेल. वहिनींना वाटलें, आईला उचलणाऱ्या मुलांनीं बरोबर घेतला असेल. मुलांना वाटलें, एवढीं बायामाणसें असतां आपण कशाला पाहावें. दोनच माणसांचें घर असतें तर हें घडलें नसतें. आमच्या घरीं दूध उतूं जात असलें तर चार जण धांवतात, आणि कधीं कधीं चौघेही दुसरा धांवला म्हणून बसून राहतात, तोच प्रकार. एकत्र कुटुंबाचे गुण मी आजवर पुष्कळ गात आलों आहें, व ते खोटे नाहींत. परंतु जी वस्तु सर्वांची ती ऐन वेळीं कोणाचीच नसते, हा त्यांतला दोष मला त्या रात्रीं प्रथम दिसला.

डॉक्टरांची चिठ्ठीही त्याच डब्यांत होती. गोळी किती शक्तीची, हें अकरा जणांत एकासही सांगतां येईना. एक म्हणे पिवळी, एक म्हणे निळसर. आमच्या नेहमींच्या डॉक्टरांचा दवाखाना पाण्याखालीं, दूरध्वनि लागत नव्हता. हें औषध एकाएकीं तुटणें धोक्याचें असतें, हें मला ठाऊक नव्हतें. सकाळपर्यंत आईचें अंग लांकडासारखें ताठलें. उजवी मूठ वळली ती उघडेना. पाणी पाजावें तर ठसका लागे. डोळे मात्र पूर्ण जागे होते, आणि ते आमच्यांतील एकेकाकडे फिरत होते. तिला पडून श्वास नीट घेतां येईना म्हणून डोकें उंच करावयाचें होतें, आणि उशी नव्हती. मग आपट्यांचा कोश एका चादरींत गुंडाळून तिच्या मानेखालीं दिला. त्या दिवसांत कोशाचा झाला तो उपयोग एवढाच.

दुसऱ्या दिवशीं थोरले चिरंजीव मिरजेस गेले. चिठ्ठीवांचून औषध मिळेना, तें योग्यच होतें. शेवटीं तेथील एका तरुण डॉक्टरांना दया आली. ते स्वतः शाळेंत आले, आईला तपासलें आणि औषध लिहून दिलें. गोळी पोटांत गेली तेव्हां दुसरी सायंकाळ उलटून गेली होती. आपले वैद्य कंपवातावर कवचबीज, म्हणजे खाजकुइलीचें बीं, देत आले आहेत व त्याच बीजांत हें लेव्होडोपा असतें, असें त्या डॉक्टरांनीं मला जातां जातां सांगितलें. मीं कोशांत "आत्मगुप्ता" हा शब्द शेंकडों वेळां पाहिला असेल. त्या वनस्पतीच्या बियांत काय आहे हें मला त्या दिवशीं कळलें.

पाणी उतरल्यावर घरीं परतलों. चिखल काढण्याचें वर्णन करीत नाहीं. ज्यांनीं तो काढला त्यांस त्याची जरूर नाहीं, आणि इतरांस तें सांगून कळणार नाहीं. पोथ्यांच्या कपाटाखालच्या खणांत वडिलांनीं लिहिलेली तिथींची वही होती. घराण्यांतील गेलेल्या माणसांच्या तिथि, पांच पिढ्यांच्या, कोण कोठें गेलें त्याच्या टिपणासह. तिचा लगदा झाला होता. कोश बाजारांत विकत मिळतो, आणि आतां तर तो नातीच्या मोबाईलवरही उघडतो. ती वही जगांत एकच होती, व कोशापासून हातभर अंतरावर होती.

मी ओसरीवर डोकें धरून बसलों असतां आईनें विचारलें, "काय हरवलें?" मीं सांगितलें. ती म्हणाली, "लिहून घे कोणीतरी." नात वही घेऊन बसली, आणि आई आपल्या कांपऱ्या आवाजांत सांगूं लागली. सासरे, आजेसासरे, बाळंतपणांत गेलेल्या दोन जावा, प्लेगांत गांवाबाहेरच्या झोपडींत गेलेले चुलत आजेसासरे. दोन दुपारी हें चाललें. एका तिथीस ती अडली, तेव्हां "त्या दिवशीं दारांत आंबे उतरले होते" असें म्हणून तिनें मास व पक्ष काढला, आणि मग तिथीही आठवली.

पुढच्या वर्षीं मृग लागण्याच्या सुमारास आमच्या मंडळींनीं जाड कापडाची एक पिशवी आणली व सर्वांस बोलाविलें. पहिल्या बैठकींत प्रत्येकानें आपापली यादी सांगितली. एकूण सत्तेचाळीस जिनसा झाल्या; त्या वाहावयास एक छकडा लागला असता. मंडळींनीं एकच अट घातली: धाकट्या सूनबाईनें एका खांद्यावर मूल घेतलें असतां दुसऱ्या खांद्यावर ती पिशवी उचलतां आली पाहिजे. मग दोन प्रश्न ठरले. ही वस्तु पुढच्या चार तासांत कोणास लागेल काय? आणि गेली तर पुन्हां मिळेल काय? ह्या दोहोंच्या चाळणींतून कोश पहिल्याच फेरींत गळाला. मीं आक्षेप घेतला नाहीं.

दादांची पेटीही गळली, पण तीस वेळ लागला. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकांच्या कचेरींतून मिळते, सातबारा संगणकावर निघतो, हें त्यांस पटवावयास दोन दिवस गेले. डिजिलॉकर नांवाची सरकारी सोय २०१५ सालापासून आहे. मुलांनीं सर्वांचे आधार वगैरे तींत चढविले. परंतु वीज गेल्यावर मोबाईल म्हणजे कांचेचा तुकडा, हें आम्हीं पाहिलें होतें. म्हणून झेरॉक्स प्रती, आणि नातेवाइकांचे दूरध्वनिक्रमांक हातानें लिहिलेला एक कागद, असें दोन प्लास्टिकच्या पाकिटांत ठेविलें. आज कोणाचाही क्रमांक कोणास पाठ नसतो. पैसे दहा, वीस व पन्नासांच्या नोटांत. शाळेंत असतां पांचशेची नोट दिवसभर मोडली नव्हती.

खाण्याचें काम वहिनींनीं घेतलें. सातूचें पीठ, गूळ, राजगिऱ्याच्या वड्या; एकादशी आली तरी अडावयास नको. साखर-मिठाच्या डबीवर त्यांनीं प्रमाण लिहून चिकटविलें: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. विजेरी, शिटी, नातवासाठीं चित्रांची वही व रंगीत खडू. सुनांनीं आपली एक वेगळी पुडी आंत ठेविली. तींत काय आहे हें मीं विचारलें नाहीं. देवांविषयीं मी बोलूं लागलों तर वहिनी म्हणाल्या, "देव पिशवींत नकोत. ते माझ्या पदरांत येतील." त्यावर चर्चा झाली नाहीं.

आईच्या गोळ्या सर्वांत वरच्या कप्प्यांत. नवें पाकीट आणलें कीं तें पिशवींत जावें आणि पिशवींतलें जुनें कोनाड्यांत यावें, म्हणजे औषध मुदतीबाहेर जात नाहीं. ही युक्ति थोरल्या सूनबाईची. चिठ्ठीची प्रत गोळ्यांबरोबर. आणि पिशवीच्या पट्ट्यास एक पुठ्ठा बांधला. त्यावर मीं सुवाच्य अक्षरांत कोणी काय पाहावयाचें तें नांवानिशीं लिहिलें. "सर्वांनीं" हा शब्द त्यावर कोठेंही नाहीं. तिथींच्या वहीची दुसरी प्रत नातीनें केली, ती मेणकागदांत गुंडाळून तळाशीं घातली. ती माझ्या नांवावर.

२०२१ सालच्या जुलैंत, पुष्य नक्षत्रांत, कृष्णा पुन्हां चढली व ५४ फुटांच्या पलीकडे गेली. ह्या खेपेस धोक्याची खूण ओलांडल्याचें ऐकल्याबरोबर आम्ही निघालों. दादांनीं पायऱ्या मोजल्या नाहींत. चौकांतलें पाणी घोट्याएवढें होतें. चार वाजतां रिक्षांतच आईनें गोळी घेतली, आणि बाटलींतल्या पाण्यास प्लास्टिकचा वास येतो म्हणून तक्रार केली. तिची ती तक्रार ऐकून वहिनी रस्ताभर हसत होत्या.

पुढच्या माघांत आई गेली, घरीं, आपल्या अंथरुणावर. वहींतली शेवटची ओळ नातीच्या अक्षरांत आहे.

दर वर्षीं मृगास पिशवी उपसावयाची, उन्हें असतील तर वाळवावयाची, आणि हस्त संपेपर्यंत दाराशीं खुंटीवर ठेवावयाची, असा आमचा क्रम आहे. वरच्या कप्प्यांत आतां दादांचीं मधुमेहाचीं औषधें असतात. इन्सुलिनचें मात्र अजून नीट जमलेलें नाहीं. तें फ्रीजमध्यें राहिलें पाहिजे, आणि पिशवी तर दाराशीं. पुठ्ठ्यावर मीं तांबड्या शाईनें "फ्रीज" असें लिहून पुढें थोरल्या सूनबाईचें नांव घातलें आहे. त्या कामावर गेल्या असतील त्या वेळेसाठीं दुसरें नांव हवें, असें आमच्या मंडळींचें म्हणणें आहे. दादा म्हणतात कीं माझेंच घाला.