कोणता तडा ठेवायचा?

गॅस टर्बाइनचे कम्बशन चेंबर उघडले की नव्या इंजिनिअरची नजर तडे शोधू लागते, आणि तडे सापडतातच. लायनरच्या पत्र्यावर, थंड हवेच्या भोकांपाशी बारीक रेघ दिसली की तो म्हणतो, ‘साहेब, बदलू या.’ मला विचाराल तर आमची खरी विद्या इथून पुढे सुरू होते.

लायनर दर स्टार्टला तापतो, बंद केला की निवतो. त्या ओढाताणीत पत्रा तडकतो, ताण मोकळा झाला की तडा बहुधा तिथेच थांबतो. किती लांबीपर्यंत चालवून घ्यायचा, हे उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. पण दोन आखूड तडे एकमेकांकडे वळत असतील, तर मधला तुकडा सुटून थेट ब्लेडवर जाईल. तिथे लांबी मर्यादेत असली तरी भाग काढायचाच. आणि मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या ब्लेडच्या मुळाशी तडा दिसला, तर चर्चा संपली.

मोठ्या हेवी-ड्युटी टर्बाइनच्या तपासणीचे रूढ वेळापत्रक साधे आहे: ८,००० तासांनी कम्बशन, २४,००० तासांनी हॉट गॅस पाथ, ४८,००० तासांनी मेजर. पण नुसत्या तासांवर विसंबता येत नाही. अखंड चालणाऱ्या मशीनची ब्लेड उष्णतेने हळूहळू ताणली जातात. सारखे चालू-बंद होणारे मशीन तडकते. पूर्ण लोडवर अचानक बंद पडणे, म्हणजे एक ट्रिप, कित्येक साध्या स्टार्टइतकी झीज करते. गॅसच्या तुटवड्यामुळे आपल्याकडचे अनेक संच थांबत-थांबत चालतात, तेव्हा तासांइतकेच स्टार्टही मोजावे लागतात. उरणसारख्या समुद्राजवळच्या केंद्रात खारी हवा आणखी एक हिशेब वाढवते. फिल्टरमधून निसटलेले मीठ कम्प्रेसरच्या पात्यांवर बसते, पुढे इंधनातल्या गंधकाशी मिळून तापलेल्या ब्लेडचा धातू खाते.

म्हणून मशीन उघडण्याआधी मी एक्झॉस्टच्या थर्मोकपलांची जुनी नोंद मागतो. एकाच बाजूचे तापमान वेगळे पडत असेल, तर कोणत्या बर्नरकडे आधी जायचे ते कळते. मग बोअरस्कोप घालून रोटर हाताने हळूहळू फिरवत प्रत्येक ब्लेड पाहतो, मागच्या वेळचा फोटो शेजारी ठेवून. फोटो नसेल तर तडा जुना की नवा, हे अनुभवी डोळाही सांगू शकत नाही.

तेव्हा या कामात येणाऱ्या मुलांना एवढेच सांगणे आहे: बदललेल्या भागाचा हिशेब स्टोअरकडे राहतो, ठेवलेल्या तड्याचा कुणाकडेच नाही. त्याची जागा, लांबी आणि दिशा लिहा, फोटो जोडा, आणि खाली स्वतःची सही करा.