रेवसच्या धक्क्यावर पेट्रोलचा वास

माझं सासर उरणला आणि माहेर अलिबाग-रेवस रस्त्यावर. मधे धरमतरची खाडी. पेण-वडखळचा भलामोठा वळसा टाळायचा, तर करंजा-रेवस लाँच. माणसं, टोपल्या, मोटारसायकली, सगळं तीत चढतं. पुलाची गोष्ट तर अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले तेव्हापासूनची! आम्ही आपल्या लाँचनंच जातो-येतो.

परवा होळीनंतर माहेराहून निघालो. आईनं पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा, वाल आणि सुकटीची पुडी बरोबर दिली होती. रेवसला पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली. चिखलात बगळे, कडेला तिवरं, समोर करंजाचा द्रोणागिरी डोंगर. मी बघतच उभी होते, तोच नाकात उग्र वास शिरला.

"अगं, धक्का आहे. डिझेलचा वास येणारच," इति आमचे हे. पण रोज रात्री गॅसचा वास घेऊन झोपणाऱ्या बायकोचं नाक फसतं होय? हा वास पेट्रोलचाच होता. गाडी चढवायला आलेल्या तांडेलानंही वाकून पाहिलं नि हात आडवा केला. "दादा, गाडी गळतेय. ही लाँचीत चढवायची नाय."

यांना राग आला. मला मात्र तांडेलाचं पटलं. पेट्रोलची वाफ आपल्या सिलिंडरच्या गॅससारखीच हवेपेक्षा जड. ती वर उडून न जाता होडीच्या तळाशी साचते, आणि तिथंच इंजिन धडधडत असतं. एखाद्यानं विडी शिलगावली की संपलंच. शिवाय रेवसची माणसं खाडीला हलकं लेखत नाहीत. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला येणारी 'रामदास' बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. इथल्या घराघरात ती आठवण अजून काढतात.

गाडी बाजूला, मोकळ्या वाऱ्यात नेली. चावी बंद. बघ्यांपैकी विडीवाल्याला आधी लांब पिटाळलं. इंजिन थंड होऊ दिलं.

आता गळतंय कुठून? जुन्या गाड्यांचं सोपं होतं. टाकी वर, कॉक बंद केला की गळती थांबली. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या गाड्यांना बहुतेक इंजेक्शनच असतं. टाकीतच विजेचा पंप असतो आणि तो साधारण तीन बार दाबानं पेट्रोल ढकलतो, म्हणजे आपल्या कुकरच्या जवळजवळ तिप्पट जोर! म्हणूनच आमच्या अंगणात गाडी कोरडी ठणठणीत दिसत होती. चावी फिरवल्यावर दाब आला, की मगच गळायचं.

हे म्हणाले, "साबण लावू या." पूर्वी टाकीला बारीक भोक पडलं तर साबण चोळून घर गाठायचे. पण एवढ्या दाबापुढे साबण काय टिकणार! मी पर्समधून टाल्कम पावडरचा डबा काढला. जुन्या फडक्यानं टाकीची बूड, नळी, सांधे कोरडे पुसले आणि पावडर भुरभुरवली. यांनी गाडी सुरू न करता नुसती चावी फिरवली. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणला. टाकीखाली पावडर पांढरीच, नळीवरही पांढरी. इंजेक्टरजवळच्या सांध्यावर मात्र ओला डाग उमटला! लगेच चावी बंद.

फोन करून जवळच्या गावातल्या मेकॅनिक पोराला बोलावलं. नळीत दाब राहतो, म्हणून त्यानं सांध्याभोवती फडकं गुंडाळूनच जोड सोडवला. आतली रबरी रिंग चपटी होऊन चिरलेली. "वहिनी, टाकी उतरवली होती का कधी?" उतरवली होती, गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला. जुनीच रिंग परत बसवली होती. कुकरची रिंग कडक झाली की आपण बदलतो, मग इथं का नको? त्यानं पेट्रोलला टिकणारी रिंग घातली. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं म्हणे. जोड 'टक्' वाजेपर्यंत दाबला. पुन्हा पावडर, पुन्हा तीनदा चावी. पावडर पांढरीशुभ्र!

तांडेलानं स्वतः हुंगून पाहिलं, मगच गाडी चढवून घेतली. एक फेरी चुकली, एवढंच. सूर्य द्रोणागिरीवर लाल पसरला होता. आमचे हे म्हणाले, "नशीब, डबा होता."

मैत्रिणींनो, गाडी त्यांची असली, तरी मागच्या सीटवर आपण आणि पोरंच बसतो. गाडी सर्व्हिसिंगहून आली, की बिल बघण्याआधी एकदा चावी फिरवून हुंगून बघा. बायकांच्या पर्सला हसणारे आमचे हे आता निघताना आठवणीनं विचारतात, "पावडर घेतलीस ना?"