मनोविकासनगरातील आठ दिवस

मुंबईहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघालात, तर पहाटे छत्रपती संभाजीनगर येते, उजाडल्यावर परभणी, मग नांदेड. धर्माबाद मागे पडले की बासरजवळ गाडी गोदावरी ओलांडते आणि डब्यातली निम्मी माणसे खिडकीशी येऊन नदीत नाणी टाकतात. आमच्या नातवाला पूल फार आवडतात. नऊ वर्षांचा आहे तो. बोलतो थोडे, समजते त्याहून बरेच अधिक. त्याच्या टाळ्या ऐकून समोरच्या बाकावरील गृहस्थांनी विचारले, "उपचार कुठे चालू आहेत?" उपचारांसाठी नव्हे, शिकण्यासाठी चाललो आहोत, असे सूनबाईने सांगितले. शिकायचे कोणी, हे तेव्हा माझ्याही नीट ध्यानात आलेले नव्हते.

सिकंदराबाद स्टेशनवरून बोवेनपल्लीकडे रिक्षाने जावे. तिथल्या मनोविकासनगरात राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थान आहे. १९८४ साली ही केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या नावात 'मतिमंद' या अर्थाचा शब्द होता. काळ बदलला तसे नावही बदलले. विशेष शिक्षक येथे घडतात, मुलांची तपासणी होते, आणि दूरगावच्या कुटुंबांना मुलासह काही दिवस राहून शिकता यावे म्हणून आवारातच निवासाची सोय आहे. अचानक जाऊन उभे राहू नका. आधी पत्राने वा दूरध्वनीने विचारून दिवस ठरवून घ्या. एवढा लांबचा प्रवास जमण्यासारखा नसेल, तर याच संस्थेचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे.

खरे सांगतो, माझी अपेक्षा निराळी होती. आमच्या गावच्या एका शाळेत पालकांची जागा फाटकाबाहेर असे. मूल आत सोडायचे, चार तासांनी न्यायचे, मधल्या वेळेत काय झाले ते विचारायचे नाही. येथेही नातू आत जाईल आणि आपण बाकावर वर्तमानपत्र वाचत बसू, असे मी धरून चाललो होतो. पहिल्याच सकाळी शिक्षिकेने तीन खुर्च्या आत ओढल्या आणि तिसरीकडे बोट दाखवून मला बसायला सांगितले.

सुरुवात प्रश्नांनी झाली. अशा मुलाला काय येते, हे पाहण्यासाठी विशेष शिक्षणात एक तपशीलवार यादी वापरतात. ती याच संस्थेत डॉ. जयंती नारायण यांनी तयार केलेली आहे. वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक आणि करमणूक असे तिचे भाग आहेत. मूल किती हुशार, हा प्रश्न तीत नाही. पेल्याने पाणी पिते का, चप्पल घालते का, पाहुणा आला तर नमस्कार करते का, अशा साध्या गोष्टी विचारतात आणि प्रत्येकीपुढे खूण करतात: स्वतःहून करतो, सांगितल्यावर करतो, हात धरल्यावर करतो.

"पेल्याने पाणी पितो?"

"हो," मी म्हणालो.

"नाही बाबा," सूनबाई हळूच म्हणाली, "पेला तुम्ही धरता."

पुढच्या चाळीस मिनिटांत असे अनेकदा घडले. शर्ट? मी घालतो. घास? मी भरवतो. संत्रे? मी सोलतो, बियाही काढतो. निवृत्तीनंतरची सात वर्षे मी ज्याला प्रेम म्हणत होतो, त्याची नोंद त्या कागदावर 'येत नाही' अशी होत होती. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे नातवंड आहे, त्यांना हे वाचताना लागेल. मलाही लागले. त्या रात्री मी जेवलो नाही, असे सांगितले तर अतिशयोक्ती होईल. जेवलो, पण सुनेशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बिनबटणांचा शर्ट घालण्याचा पाठ होता. तो सविस्तर सांगतो, कारण तो तुम्हाला घरीही करता येईल. शर्ट घालणे हे एक काम नव्हे, पाच-सहा कामे आहेत: समोरची बाजू ओळखणे, डोके घालणे, उजवा हात, डावा हात, छातीवरून खाली ओढणे, पोटावर सारखा करणे. आपण मुलाला पहिल्या पायरीपासून शिकवायला जातो; ते अडते, रडते, आणि घाई असल्यामुळे आपणच शर्ट चढवून टाकतो. येथे उलटीकडून सुरुवात केली. शिक्षिकेने सारे स्वतः केले आणि पोटावरून शर्ट खाली ओढण्याची शेवटची पायरी तेवढी त्याच्यावर सोपवली. त्याने ओढला. काम त्याच्या हातून पुरे झाले, आणि तत्क्षणी शाबासकी मिळाली. ही पायरी पक्की झाली की त्याआधीची, मग तिच्याआधीची. मदतही एकदम काढून घ्यायची नाही. आधी हातावर हात, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोटाची खूण, मग केवळ शब्द.

तिसऱ्या प्रयत्नाला शर्ट छातीवर अडकला. नातवाने माझ्याकडे पाहिले आणि माझे हात आपोआप पुढे गेले.

"हाथाँ पीछे रखो, अंकल," शिक्षिका हसून म्हणाली.

मी हात पाठीमागे नेऊन एकमेकांत गुंफले. किती वेळ गेला असेल? घड्याळाप्रमाणे दीड मिनिट. नातू माझ्याकडे पाहत राहिला, मग कुरकुरला, मग त्याने मान खाली घातली आणि दोन्ही मुठींनी शर्ट खेचला. एक बाजू वरच राहिली होती. शिक्षिकेने ती तशीच राहू दिली.

आई-वडिलांनाच शिकवावे, हा विचार फार जुना नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाच्या गावी १९६९ मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. विखुरलेल्या वस्त्यांतील मुलांना शाळेत आणणे कठीण, म्हणून शिक्षकच आठवड्यातून एकदा घरी जाऊन पालकांना पुढील आठवड्याचा पाठ शिकवी. ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली, आपल्याकडेही आली. तिच्यामागचे गणित सोपे आहे: तज्ज्ञापुढे मूल आठवड्यात दोन-तीन तास असते, उरलेला सारा जागेपणीचा वेळ घरच्यांपुढे. आमच्या घरी आई-वडील दोघेही नोकरीवर जातात. तेव्हा 'घरचे' म्हणजे मीच. घरात चौघांनी चार रीती ठेवल्या तर मूल गोंधळते. सून शिकवते आणि आजोबा लाडाने मोडतात, असे झाले तर तिचे कष्ट वाया जातात. हे तिने मला कधी सांगितले नव्हते. कसे सांगणार?

संध्याकाळी निवासाच्या पायऱ्यांवर माणसे जमत. तेलुगू, हिंदी, ओडिया, मध्येच आपली मराठी. आदिलाबादकडच्या एक आजी होत्या, तिकडचे हेल असलेली गोड मराठी बोलणाऱ्या. आपल्या तेरा वर्षांच्या नातीला त्या न्हाऊ घालीत. चौथ्या संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मी हाय तवर ठीक. मागं हिचं कोन करंल?" कोणी उत्तर दिले नाही. हा प्रश्न तुमच्याही घरात असेल. रात्री दिवा मालवल्यावर अधिक मोठा होत असेल.

त्याला पूर्ण उत्तर नाही, पण काही कागद वेळेवर केलेले बरे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगतेचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरा पूर्ण झाली की आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. मी हे सारे आजींना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "कागद करू. पन केस विंचरायला तर कागद येनार न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीच्या पाठात कंगवा होता.

जाणार असाल तर एक-दोन गोष्टी. गुडघे दुखत असतील, तर आधीच सांगा. खाली बसून शिकवण्याची बहुतेक कामे बुटक्या स्टुलावर बसूनही करता येतात. औषधे जादा दिवसांची न्या. मुलाच्या आवडीचे ताट-पेला बरोबर ठेवा, कारण सवयीच्या वस्तूंवरच शिकवणे सोपे जाते. एक वही घ्या. आज कोणती पायरी, किती वेळा, किती मदतीने, एवढेच रोज लिहा. थकल्यावर शिकवू नका. थकलेला म्हातारा मदत लवकर करतो, हे अनुभवाने सांगतो.

परत येऊन आता चार महिने झाले. सकाळी शाळेची बस पावणेआठला येते. पूर्वी सव्वासातला सुरुवात केली तरी चाले. आता पावणेसातला मी पलंगाजवळ बुटके स्टूल ओढतो, शर्ट उलगडून त्याच्या पुढ्यात ठेवतो आणि हात मागे बांधतो. वहीतल्या नोंदीप्रमाणे उजवी बाही गेल्या गुरुवारी जमली. डोके घालायला अजून कोपराचा स्पर्श लागतो. काल शर्ट उलटा घालून, शिवणी बाहेर ठेवून तो बसमध्ये चढला. सूनबाई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे, आणि बस निघून गेली.