निबंधातली मोठी गाडी



माझ्या लेकीला चौथीत 'आमची गाडी' हा निबंध लिहायला दिला होता. रात्री वही पाहिली (घरीही बाईपणा सुटत नाही!). पहिलंच वाक्य होतं, 'आमची गाडी पांढरी असून खूप मोठी आहे.' आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगखाली उभी आहे पिवळी नॅनो!

रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. उल्हासनगरला माझ्या शाळेजवळ मीसुद्धा ती गेटसमोर लावत नाही. जरा लांब, रिक्षा स्टँडच्या पलीकडे लावते. पोरगी माझंच बघून शिकली.

२०१८ मध्ये आम्ही ही जुनी नॅनो ७५ हजारांना घेतली. तोपर्यंत अंबरनाथला माहेरी जायचं म्हणजे स्कूटर. लेक पुढे उभी, मागे मी आणि मांडीवर धाकटा. पावसात एका हाताने छत्री धरायचा मूर्खपणाही केलाय. रतन टाटांना या गाडीची कल्पना सुचली तीही असंच एका स्कूटरवर भिजणारं कुटुंब पाहून. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात ती दाखवली तेव्हा 'एक लाखाची गाडी' म्हणून जगभर नाव झालं. पण तेच नाव तिला भोवलं. सगळ्यांत स्वस्त म्हणून तिची ओळख झाली ही चूकच होती, असं पुढे टाटांनीही कबूल केलं. गाडी घेणाऱ्याला चार लोकांनी बघायला हवं असतं, खोटं कशाला बोला?

दुसऱ्या दिवशी गाडी गेटसमोर लावली आणि परिसर अभ्यासाच्या तासाला वर्ग बाहेर आणला. विचारलं, "इंजिन कुठे असेल?" सगळे पुढे धावले. पुढचं झाकण उघडलं, तर तिथे पेट्रोल भरायचं तोंड! इंजिन मागे, ६२४ सीसीचं, दोनच सिलिंडर. ज्याचे वडील गॅरेजात काम करतात तो एरवी गप्प असणारा मुलगा चाकापाशी बसला आणि ओरडला, "बाई, नट तीनच!" मग वायपरही एकच, हे दुसऱ्याने शोधलं. खर्च वाचवायला काय काय कमी केलं, याची यादी मुलांनीच फळ्यावर लिहिली. एकीने विचारलं, "बाई, तुमची एवढी छान गाडी आहे, तर रोज दिसत का नाही?" मी घंटेकडे बघितलं.

आता गुण गाते तर दोषही सांगते. एसी लावून पूल चढताना ती धापा टाकते. सामान ठेवायला मागून दार उघडत नाही, सीट पाडून पिशव्या कोंबाव्या लागतात. पण दोन वर्षांपूर्वी मध्यरात्री सासूबाईंना दम लागला, तेव्हा याच गाडीतून त्यांना उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात नेलं. हे चालवत होते, लेक पुढे माझ्या मांडीवर आणि सासूबाई मागच्या सीटवर पाय दुमडून झोपलेल्या.

संध्याकाळी लेकीला वर्गातली गंमत सांगितली, वहीचा विषय काढला नाही. थोड्या वेळाने तिनेच खोडरबर मागितलं. 'पांढरी' खोडून 'पिवळी' केलं. 'खूप मोठी' तसंच ठेवलं.

"अगं, ते राहिलं की," मी म्हटलं.

"आजी आडवी झोपली होती ना मागे? मग मोठीच आहे."